वेताळाला सुळे फुटले

भिण्यासाठी पैसे मोजावे लागतात ही गोष्ट माझ्या आजीला कधीच पटली नसती. तिच्या काळी भीती फुकट मिळे. दिवेलागणीनंतर परसातल्या फणसाखाली जायचे नाही, विहिरीत डोकावून हाक मारायची नाही आणि अमावास्येच्या रात्री वेशीपलीकडून कोणी नावाने बोलावले तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, एवढी दोन-तीन कलमे पाठ केली की खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माणसाची जन्माची सोय होत असे. मी मात्र २०२५ च्या दिवाळीत भाऊबीज उरकल्यावर कर्जतहून कल्याणपर्यंत लोकलने गेलो, चार तिकिटे काढली, पॉपकॉर्न म्हटले की ज्यांची किंमत दसपट होते अशा लाह्यांच्या दोन बादल्या विकत घेतल्या आणि अडीच तास थंडगार अंधारात बसून भिण्याचा मनःपूर्वक प्रयत्न केला.

भ्यालो नाही. पण नुसते तेवढेच असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. वाईट चित्रपट पाहून मुकाट्याने घरी येण्याची आमच्या पिढीला उत्तम सवय आहे. चुटपुट लागते ती चांगला होऊ शकला असता अशा चित्रपटाची. परीक्षेत नापास होणाऱ्या मुलाबद्दल मास्तरला फारसे काही वाटत नाही. हुशार मुलगा कोरा पेपर देऊन हसत बाहेर पडला की मात्र मास्तर दोन दिवस धुमसत राहतो. माझे दोन दिवसांवर भागले नाही.

चित्रपटाचे नाव ‘थामा’. हिंदी. तो प्रदर्शित झाला २१ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ऐन अमावास्येला. वेताळाच्या चित्रपटाला याहून योग्य तिथी पंचांगात शोधून सापडायची नाही. होय, वेताळाच्याच. रक्त पिणारा विलायती व्हॅम्पायर म्हणजे आपला वेताळ, असे मानून ही कथा रचलेली आहे. आणि दिग्दर्शक आपला मराठी, आदित्य सरपोतदार. मूकपटांच्या काळापासून या धंद्यात असलेल्या पुण्याच्या सरपोतदारांच्या घरातला. ‘फास्टर फेणे’ त्याचाच. २०२२ साली त्याने ‘झोंबिवली’ काढला आणि परदेशी चालती-फिरती प्रेते डोंबिवलीच्या पाण्याच्या प्रश्नावर आणून सोडली, तेव्हा लोकलमधून रोज डोंबिवली पाहणाऱ्या आम्हा लोकांना ती मुळीच परकी वाटली नाहीत. पुढे २०२४ च्या ‘मुंज्या’त त्याने कोकणातला पिंपळ आणि सोडमुंज न होताच मेलेला पोर घेऊन अख्ख्या हिंदुस्थानाला हसवले आणि थोडे घाबरवलेही. अशा माणसाच्या हाती वेताळ लागला म्हटल्यावर मराठी शिकवणारा मास्तर घरी कसा बसेल?

गोष्ट थोडक्यात सांगतो. आलोक नावाचा एक बातमीदार (आयुष्मान खुराणा) मित्रांबरोबर रानात भटकायला जातो, अस्वल त्याच्यावर धावून येते आणि ताडका नावाची एक तरुणी (रश्मिका मंदाना) त्याला वाचवते. ती वेताळांच्या कुळातली. या कुळाचा जुना नायक यक्षासन (नवाजुद्दीन सिद्दीकी) नियम मोडल्यामुळे गुहेत बंदिवान आहे. आलोक तिला दिल्लीला घरी घेऊन येतो. बापाला (परेश रावल) सून पसंत पडेना. मग अपघात, मग दंश, मग आलोकही वेताळ. यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. याहून पोकळ सांगाड्यावर लोकांनी चांगले चित्रपट उभे केले आहेत.

पण हा चित्रपट स्वतःच्या विषयाला घाबरतो. कुठे एखादी सावली हलली, प्रेक्षकाने पाय जरा आखडून घेतले, की लगेच कोणीतरी विनोद करतो, जणू दिग्दर्शक कानाशी येऊन सांगतो आहे, ‘भिऊ नका हं, गंमत आहे.’ दोन ठिकाणी तर नर्तकी येऊन नाचून जातात. त्यातून एकाएकी दुसऱ्याच चित्रपटातला लांडगा-माणूस उगवतो आणि नायकाशी मारामारी करतो. मला वाटले, रीळ बदलले. आमची नववीतली कन्या दयार्द्र स्वरात म्हणाली, “बाबा, हे युनिव्हर्स आहे. ‘स्त्री’, ‘भेडिया’, ‘मुंज्या’, सगळे एकाच युनिव्हर्समधले आहेत.” पूर्वी भुताच्या गोष्टीने माणसाला ब्रह्मांड आठवत असे. आता भुतांचेच ब्रह्मांड झाले आहे आणि त्यातला प्रत्येक चित्रपट म्हणजे पुढच्या चित्रपटाची जाहिरात! या ब्रह्मांडात कोणी कायमचे मरू शकत नाही, कारण पुढल्या दिवाळीला त्याचे काम पडणार असते. आणि ज्याला मरणच नाही त्याची काळजी तरी प्रेक्षकाने किती करावी? भाचा शेजारी बसून लाह्या खात होता. मध्यंतरापर्यंत त्याची बादली संपली. चित्रपटाच्या कोणत्याही क्षणी त्याचा हात थांबल्याचे मी पाहिले नाही.

रामसे बंधूंची आठवण झाली. त्यांच्या १९९० च्या ‘बंद दरवाजा’त असाच एक रक्तपिपासू होता. ते चित्रपट पाहिले असे सभ्य घरांतून कोणी कबूल करीत नसे. अभिनय कसातरीच, कथेला बूड ना शेंडा. पण माणसे प्रामाणिक होती. भिववायचे म्हणजे भिववायचे, एवढी त्यांची प्रतिज्ञा असे आणि ती मोडून मध्येच ते डोळा मारीत नसत.

असो. माझे खरे भांडण वेगळेच आहे. ते वेताळाच्या दातांशी आहे.

वेताळ आणि व्हॅम्पायर यांची गाठ घालून देण्याचा मान रिचर्ड बर्टन या इंग्रज गृहस्थाकडे जातो. हा काही ऐरागैरा नव्हता. कंपनीच्या मुंबई फौजेत नोकरी करून तो आपल्या भाषा शिकला, त्यात मराठीही आली. १८५३ साली वेष पालटून मक्केला जाऊन आला. १८७० साली त्याने वेताळाच्या निवडक गोष्टी मनाप्रमाणे फुलवून इंग्रजीत छापल्या आणि पुस्तकाला नाव दिले ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’. इंग्रज वाचकाला वेताळ कळणार नाही, व्हॅम्पायर कळेल, असा सरळ हिशेब. गंमत पुढेच आहे. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर या बर्टनला ओळखत होता. आपल्या आठवणींत त्याने लिहून ठेवले आहे की, बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जाई आणि खंजीर चमकावा तसा त्याचा सुळा लांबलचक दिसे. ड्रॅक्युलाचे सुळे बर्टनच्या तोंडातून आले असा सिद्धांत मांडण्याइतका मी धीट नाही. त्यावर कोणाला प्रबंध करायचा असेल तर विषय मोकळा आहे. पण आमच्या वेताळाला ज्याने व्हॅम्पायर म्हटले त्याचाच दात स्टोकरच्या मनात भरला होता, हा योगायोग मला फार आवडतो.

१८९७ सालचा तो ड्रॅक्युला मुळात कोण? एक सरदार. ओसाड वाड्यात राहणारा, आसपासच्या गरिबांच्या रक्तावर जगणारा. स्वतःच्या मातीच्या पेट्या जहाजात भरून तो लंडनला येतो, आणि कोणी आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. जमीनदारी, परकी माणसे, आपणच घरात घेतलेले संकट, इतके सारे त्या एका दातात आहे. म्हणून तो सव्वाशे वर्षे टिकला. १९२२ साली मुर्नौ या जर्मन दिग्दर्शकाने ‘नोस्फेराटू’ काढला तेव्हा त्या रक्तपिपाशाबरोबर गावात उंदीर आणि प्लेग आले. महायुद्ध आणि साथ अंगावरून गेलेल्या लोकांना तो उंदरांचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.

आता आपला वेताळ पाहा. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त तो आहे, आणि मराठीत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ‘वेताळपंचविशी’ आणली ती १८३० साली, म्हणजे बर्टनच्या चाळीस वर्षे आधी. राजाने स्मशानातल्या झाडावरचे प्रेत खांद्यावर घ्यायचे, मुकाट चालायचे, आणि प्रेतात शिरलेल्या वेताळाने गोष्ट सांगून शेवटी प्रश्न टाकायचा. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील; बोललास तर मी परत झाडावर. लहानपणी आपण हे ‘चांदोबा’त वाचले आणि हसण्यावारी नेले. पण विचार करा, यापेक्षा भयंकर कोंडी दुसरी कोणती असेल? मानेचा चावा फार तर जीव घेईल. हा वेताळ तुमचे ज्ञानच तुमच्यावर उलटवतो. खरे बोललात तर केलेले काम वाया. खरे गिळलेत तर डोके फुटेल. सरकारी कचेरीत, संस्थाचालकांच्या सभेत किंवा सासू-सुनेच्या मध्ये उभ्या राहिलेल्या कोणत्याही सज्जन गृहस्थाला विचारा, वेताळ म्हणजे काय ते!

आणि प्रश्न तरी कसले? धड एकाचे, मस्तक दुसऱ्याचे, तर नवरा कोणता? या एका प्रश्नाने जर्मनीतला टॉमस मान १९४० साली गुंतला आणि पुढे आपल्याकडे गिरीश कर्नाड ‘हयवदना’त गुंतले. शेवटच्या गोष्टीत बाप मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी लग्न लावतो. त्यांना झालेल्या पोरांचे आपसांत नाते काय? राजाला खरोखरच उत्तर येत नाही. तो गप्प राहून चालत राहतो, आणि त्या गप्प राहण्यावर वेताळ प्रसन्न होतो. ज्या योग्यासाठी तू मला वाहून नेतो आहेस तोच तुझा बळी देणार आहे, हे तोच राजाला सांगतो आणि त्याला वाचवतो. भूत वाचवते आणि साधू मारायला टपलेला असतो! एवढे शहाणे भय ज्या देशात हजार वर्षे पडून आहे, तेथल्या चित्रपटाने त्याला दोन सुळे लावून नाचवावे, याचा मला राग आला. त्या सुळ्यांनी हा वेताळ चावतो, उड्या मारतो, प्रेमगीत गातो. एक प्रश्न मात्र विचारीत नाही.

वेताळाचे दुसरे रूप तर पोथीतलेही नाही, ते गावातले आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला, म्हणजे जयवंत दळवींच्या गावी, वेतोबाचे देऊळ आहे. तिथे नवसाला केळीचा घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. कारण वेतोबा रात्री गावाभोवती फेरी घालतो. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात. गोव्यातही कितीक गावांचा राखणदार बेताळच. लोलयेचा तो उंच पाषाणी बेताळ ज्याने पाहिला असेल त्याला त्याच्यासमोर हसू येणार नाही, आणि तरीही त्याच्यापासून पळून जावेसे वाटणार नाही. भीती आणि भरवसा एकाच दगडात असतात. हे रसायन पाश्चात्त्यांच्या व्हॅम्पायरमध्ये नाही, आणि ते पडद्यावर आणणे सोपे नाही, हेही मला मान्य आहे. पण ‘मुंज्या’ करणाऱ्याला ते जमले नसते असे कोण म्हणेल?

चित्रपटात एक कल्पना मात्र अशी आहे की तिच्यासाठी मी सगळे माफ करायला तयार झालो होतो. हे वेताळ आता माणसाचे रक्त पीत नाहीत. का? तर १९४७ च्या फाळणीत माणसांनी माणसांचे एवढे रक्त सांडले आणि त्यात द्वेषाचे एवढे विष मिसळले की वेताळांनाही ते पिववेना. मी खुर्चीत ताठ बसलो. सौभाग्यवतींनी सुद्धा हातातला मोबाईल पर्शीत ठेवला. माणसाचे रक्त भुताला बाधते! या एका वाक्यावर सगळा चित्रपट उभा करता आला असता. फाळणीच्या रात्री एखाद्या स्टेशनात उभ्या राहिलेल्या, आवाज नसलेल्या गाडीशी एक भुकेला वेताळ येतो आणि डबा उघडून मागे सरतो, एवढे एकच दृश्य दाखवले असते तरी कल्याणच्या त्या थिएटरात लाह्यांचा आवाज बंद झाला असता. पण दिग्दर्शकाने ती कल्पना घाईघाईने संवादात सांगून टाकली आणि मंडळी पुन्हा विनोदाकडे वळली. इतके मौल्यवान नाणे सुट्या पैशांसारखे खर्च केलेले मी दुसरे पाहिले नाही.

यावर भाच्याचे म्हणणे असे पडले की, “मामा, तू फार सिरियसली घेतोस. टाइमपास आहे.” असेल. पण वेळ घालवायला का होईना, माणूस अंधारात जाऊन भुताचीच गोष्ट का पाहतो, कीर्तन का ऐकत नाही, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. मी ते पुन्हा विचारले नाही, नाहीतर तो झाडावर जाऊन बसला असता.

परक्या भुताला मराठी करता येत नाही असेही नाही. नारायण धारपांनी ते करून दाखवले. १९२५ साली जन्मलेल्या या लेखकाला विद्यापीठांतून आम्ही मास्तर लोकांनी फारशी जागा दिली नाही, वाचनालयांनी मात्र दिली. त्यांच्या पुस्तकांची पाने सगळ्यांत जास्त मळलेली असत. स्टीफन किंगने १९७५ साली ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीत अमेरिकेतले एक छोटे गाव व्हॅम्पायरच्या स्वाधीन केले. धारपांची ‘लुचाई’ त्याच बीजातून उगवली. पण वाचताना अमेरिका आठवत नाही, कारण धारपांची माणसे मराठी माणसांसारखी वागतात. शेजारी काहीतरी भलते चालले आहे हे त्यांना कळते, पण ‘आपल्याला काय करायचे आहे’ म्हणून ती खिडकी लावून घेतात. त्या लावलेल्या खिडकीत सगळे भय आहे. राही बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’लाही धारपांच्याच एका कथेने बीज पुरवले होते. त्यात पाऊस, चिखल, वाडा आणि हाव यांपलीकडे फारसे काही नव्हते. पण तो पाऊस कोकणातला होता आणि हाव आपल्या ओळखीची होती.

जागा खरीच लागते असे मी म्हणत नाही. इथे आमच्या चौकाजवळ नितीन देसाईंनी २००५ साली स्टुडिओ उभा केला. २००८ च्या ‘जोधा अकबर’मधला राजवाडा प्लास्टरचा होता, तरी पडद्यावर तो कोणाला खोटा वाटला नाही. प्रश्न प्लास्टरचा नसून पत्त्याचा आहे. ‘थामा’तले रान कोणत्या जिल्ह्यात आहे? त्याच्या कडेला कोणते गाव लागते? तिथली बायामाणसे सरपणाला जाताना कोणत्या झाडापाशी चटकन पाय उचलतात? ते रान कुठलेच नाही, म्हणून त्यातला वेताळही कुठलाच नाही.

आणि रक्त पिणारेच हवे होते तर आमच्या कर्जतला का नाही आले? आमच्याकडे त्याची वाण नाही. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती काय वड्यासाठी थांबते, असे पुण्या-मुंबईच्या पुष्कळ मंडळींना वाटते. ती थांबते मागे जादा इंजिने लावून घ्यायला, कारण पुढे बोरघाटाचा चढ, सदतीस फुटांना एक फूट. हा घाट १८५६ मध्ये खणायला घेतला आणि १८६३ मध्ये पुरा झाला. मधल्या वर्षांत पटकीने, तापाने, सुरुंगांनी आणि दरीत पडून मजूर मेले ते हजारांनी. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत तोही तापाने गेला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. तिचे नाव तरी कागदोपत्री राहिले. मेलेल्या मजुरांची नावे कोणी लिहिली? माझी आजी म्हणे, “घाटानं माणसं खाल्लीत. म्हणून गाडी हितं थांबती, त्याला इचारल्याबिगर वर जात नाय.” जादा इंजिनाची गोष्ट मी तिला एकदा सविस्तर समजावून सांगितली होती. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “आसंल. पन इचारतात तरी ना?”

चित्रपट पाहून आल्यावर सुटी संपली, कॉलेज सुरू झाले. लोकसाहित्याच्या वर्गात मी मुलांना सांगितले, तुमच्या गावच्या भीतीवर एक पान लिहून आणा. आमच्या वर्गात नेरळ, खोपोली, खालापूरपासून डोंगरातल्या वाड्यांपर्यंतची मुले असतात. निम्म्यांनी मोबाईलवर पाहिलेली भुते लिहिली. त्यांत घाटात गाडीला हात करणारी पांढऱ्या साडीतली बाई सात वेळा आली, आणि दोन वहींत तर शुद्धलेखनाच्या चुकाही सारख्याच होत्या. तीन-चारांनी आजीला विचारून वेताळाची पालखी लिहिली. अवसेच्या रात्री डोंगराच्या धारेवरून दिवट्यांची रांग जाते ती. एका मुलाने चारच ओळी लिहिल्या होत्या. त्या मी माझ्या शब्दांत सांगतो. आमच्याकडे भुताची गोष्ट सांगत नाहीत. जुलैत रात्री पाऊस लागून राहिला की घरातले कोणीतरी एक जण जागे बसते. डोंगराकडून आवाज आला तर उठवायला.

मी त्याला गुण काय देणार? इर्शाळवाडी आमच्या खालापूर तालुक्यातच. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावरची ती ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ देह हाती लागले, ५७ माणसे शेवटपर्यंत सापडली नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवला. तो मुलगा त्या वाडीचा नव्हता. पण डोंगराच्या पोटाशी असलेल्या कितीतरी वाड्यांतून अशी एकेक पाळी आजही जागली जाते. चित्रपटवाल्यांनी यावर चित्रपट काढावा असे मी म्हणणार नाही, काढू नये असेच म्हणेन. मात्र अडीच तासांत मला एकदाही न वाटलेली भीती त्या चार ओळींत होती. पुढच्या तासाला वर्गात कादंबरी शिकवताना माझे लक्ष राहून राहून खिडकीबाहेरच्या डोंगराकडे जात होते.

तुळशीच्या लग्नानंतर गावी गेलो. आमच्या वेशीवर वेताळाचा दगड होता. म्हणजे अजून आहे. फक्त वेस राहिली नाही. आसपासची सगळी जमीन गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुंबईकरांच्या फार्महाऊसांना गेली आणि मोजणीत वेताळ कोणाच्यातरी कुंपणाच्या आत आला. मालक सज्जन निघाला. त्याने दगड उपटून टाकला नाही. उलट भोवती गुळगुळीत फरशा बसवल्या आणि वर रंग बदलणारा एक दिवा सोडला. बाजूला पोहण्याचा तलाव आहे. लोखंडी फाटक रात्री दहाला बंद होते, तेव्हा गावाभोवती फेरी घालायची झाल्यास वेताळाला परवानगी काढावी लागत असेल.

फाटकाशी रखवालदार भेटला. जवळच्याच कातकरवाडीतला, पन्नाशीचा. मला त्याने बापावरून ओळखले. त्याचे काम, रात्री दर दोन तासांनी कुंपणाच्या कडेने फेरी. जागा मोठी आहे. “दोन महिन्यांत चप्पल जाते, सर,” तो म्हणाला. “मालक नवी देतो म्हनतो, पन इसरतो.”

मी विचारले, “रात्री एकट्याला भीती नाही वाटत? वेताळ आहे ना आत?”

“त्याची कशाला वाटल? तो आपलाच हाय. बिबट्या येतो कवाकवा, त्याची वाटते. आन् पान्याची.” मग जरा थांबून त्याने मलाच विचारले, “सर, तुमी शिकलेले हाव. ह्यो कुंपनाच्या आत हाय, मंग भायेर गावाला कोन बघतो?”

मी काहीच बोललो नाही. अंधार पडत आला होता. त्याने विजेरी दोनदा तळहातावर आपटून पेटवली आणि तो फेरीला निघाला.